बोअरचं पाणी, मे महिना आणि तीन फुटांची टाकी : प्लांटेड, म्हणजे जिवंत वनस्पतींच्या, मत्स्यालयाच्या फेरमांडणीचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात, विटांच्या भिंती आणि वर टिनपत्रं असलेल्या घराच्या बैठकीत ही टाकी आहे. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच ८ मिलिमीटरची. काठोकाठ भरली तर १९० लिटर. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण १५० लिटर. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा भरली. जानेवारीपर्यंत चांगली चालली, मार्चमध्ये पाणी हिरवं झालं, आणि मे महिन्यात एका पहाटे ११ पैकी ७ मासे मेलेले सापडले. वनस्पती त्याआधीच संपल्या होत्या. उरली होती वॅलिस्नेरिया या लांब पात्यांच्या पाणवनस्पतीची काही पिवळी पाती आणि दगडांवर चढलेलं काळं, केसाळ शेवाळ.

पहिली मांडणी अशी होती. तळाशी वावरातली काळी माती, ५ सेंटिमीटर. तिच्यावर दुकानातले निळे-पांढरे रंगीत खडे, २ सेंटिमीटर. दक्षिणेच्या खिडकीखाली जागा. खाली कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा, फिल्टर, वर दिवसाला १० तास चालणारी एलईडी पट्टी. मासे म्हणजे तीन गोल्डफिश, एक सकर आणि सात मॉली. पाणी घरच्या बोअरचं. दर आठवड्याला पाव टाकी बदलायची असं ठरलं होतं, पण उन्हाळ्यात बोअरची धार बारीक झाल्यावर बदलणं थांबलं आणि आटलेलं पाणी रोज वरून भरणं एवढंच राहिलं.

नेमकं इथेच ही टाकी बिघडली. माती, खिडकी, मासे यांच्या चुका होत्याच, पण त्या एकेक करून सावरता आल्या असत्या. वरून भरलेलं पाणी मात्र रोज, गुपचूप नुकसान करत होतं.

मोजमाप काय सांगतं

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ७८० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) निघाला. एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, २४ अंश. कार्बोनेटचा कठीणपणा, म्हणजे केएच, १८ अंश. पंपाच्या तोंडाशी पीएच ७.३, आणि तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की ८.२. जमिनीखाली पाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच असा चढतो. म्हणून बोअरच्या पाण्याचा पीएच लगेच मोजून समाधान मानू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. बेसाल्टच्या पट्ट्यात असं कठीण, बायकार्बोनेटने भरलेलं पाणी सर्रास मिळतं.

मासे मेले त्या दिवशी टाकीतल्या पाण्याचा टीडीएस होता १४६०.

हा आकडा कुठून आला ते कागदावर मांडता येतं. टाकीचा पृष्ठभाग सुमारे ०.४२ चौरस मीटर. एप्रिल-मे मधल्या कोरड्या हवेत, त्यात कूलरचा वारा लागला तर पातळी रोज ७ मिलिमीटर उतरते, म्हणजे जवळजवळ ३ लिटर. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. ३ लिटर बोअरच्या पाण्यातून रोज सुमारे २.३ ग्रॅम नवे क्षार येतात, म्हणजे १५० लिटरमध्ये दिवसाला १५ ते १६ पीपीएमची भर. ६० दिवसांत ९०० हून अधिक. मीटरवर प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी दिसली, कारण चुन्याचा काही भाग काचेवर, फिल्टरच्या नळीवर आणि पानांवर पांढऱ्या थराच्या रूपात बसला होता.

घरच्या आबाजींचा प्रश्न रास्त होता : “बोअरचं पाणी तं काचेवानी साफ हाय, मंग वनस्पती काहून जळते?” नातवाने त्यांना कूलरच्या ताट्या दाखवल्या. एका उन्हाळ्यात त्या पांढऱ्याफटक आणि कडक होतात. टाकीतही तेच घडत होतं, फरक इतकाच की ताट्या दरवर्षी बदलल्या जातात आणि टाकीतलं पाणी बदललं गेलं नव्हतं.

पहाटेच का मेले

आदल्या रात्री वादळाने गावठाणाची लाइन पाच तास बंद होती. पाण्याचं तापमान ३४ अंश. २५ अंशांना हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३४ अंशांना ७.१ च्या आसपास. शिवाय गरम पाण्यात माशांची गरज वाढते. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ. दिवसा ते ऑक्सिजन देतं, पण रात्री स्वतःच तो खातं. वीज नसल्याने पाण्याची हालचाल बंद, म्हणून ऑक्सिजनचा तळ पहाटे गाठला गेला.

कॅनिस्टरने त्यात भर घातली. बंद डब्यातले घाण पचवणारे जिवाणू दोन-तीन तासांत आतला ऑक्सिजन संपवतात आणि मग डब्यातलं पाणी सडायला लागतं. वीज आली, फिल्टर आपोआप सुरू झाला आणि ते सगळं पाणी टाकीत आलं. कॅनिस्टर वापरायचाच असेल तर दोन-तीन तासांहून लांब खंडानंतर त्यातलं पाणी बाहेर ओतूनच तो सुरू करावा. पण वीज रात्री दोनला येते आणि तेव्हा कोणी जागं नसतं.

तिसरी गोष्ट माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया. चाचणीत एकूण अमोनिया १ पीपीएम होता. पीएच ७.२ आणि तापमान २८ असताना त्यातला जेमतेम एक टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. पीएच ८.३ आणि तापमान ३२ झालं की तोच वाटा १५ टक्क्यांवर जातो. हिवाळ्यात खपून गेलेला अमोनिया उन्हाळ्यात का मारतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

काळ्या मातीचं काय चुकलं

कपाशीला उत्तम असलेली माती टाकीला उत्तम असेल, हा अंदाज चुकीचा पण समजण्यासारखा आहे. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची तिची ताकद खरोखर मोठी आहे. अडचण तिच्या चिकणमातीत आहे. ती पाण्यात फुगते, छिद्रं बंद होतात, आत ऑक्सिजन पोचत नाही. टाकी उपसताना तळातून सडक्या अंड्यांचा वास आला आणि मुळं काळी निघाली. हे हायड्रोजन सल्फाइडचं काम. फुगलेली माती खड्यांच्या फटींतून वर येत होती, म्हणून गोल्डफिशने तळ उकरला की पाणी गढूळ व्हायचं. मातीत चुनखडीचे बारीक खडे होते, ते केएच आणखी वाढवत होते. आणि ही माती खरिपात डीएपी व शेणखत दिलेल्या वावरातली, फवारणी झालेली. कीटकनाशकांमध्ये पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना आणि कोळंबीला अत्यल्प मात्रेतही घातक असतात. पिकाच्या वावरातली माती टाकीत नकोच. फवारणीची बादली, मग्गा किंवा पाइपही टाकीजवळ आणू नये, कितीही धुतला तरी.

नव्या मांडणीचे निर्णय

पाणी आधी ठरवलं, मग त्याला झेपणाऱ्या वनस्पती, आणि मासे सर्वांत शेवटी. दुकानात हा क्रम नेहमी उलटा होतो.

गावातल्या आरओ प्लांटवर २० लिटरचे कॅन मिळतात. त्या पाण्याचा टीडीएस ६०. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर मिसळलं की टीडीएस २४० च्या जवळ, जीएच ७ च्या आत-बाहेर आणि केएच ५ येतो. पूर्ण टाकीला सहा कॅन आणि ३८ लिटर बोअर लागलं. निव्वळ आरओ भरू नये. केएच नसलेल्या पाण्याचा पीएच कधीही कोसळतो. आरओ प्लांटचा टीडीएसही दर महिन्याला मोजावा, मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, जुनी झाली की तो हळूहळू चढतो. मीठ टाकून चालणारं सॉफ्टनर इथे कामाचं नाही, ते कॅल्शियमच्या जागी सोडियम देतं आणि टीडीएस तसाच राहतो.

वरून भरायला मात्र फक्त आरओ. या एका नियमाला सूट नाही.

पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी फुकट आणि चांगलं. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्यावेत, त्यानंतर दर पावसाची पहिली १५-२० मिनिटं सोडून प्लास्टिकच्या टाकीत साठवावं. नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं पाणी टाळावं. त्यातला जस्त गोगलगाय आणि कोळंबीला सोसत नाही. गावाभोवती फवारणीचा जोर ऑगस्टमध्ये वाढतो, म्हणून साठा जुलैतच करून ठेवलेला बरा.

वनस्पती जोमाने वाढाव्यात म्हणून लावतात ते कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर या टाकीला लावलं नाही. ते भरायला अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं आणि मधेच संपलं की वेगाने वाढायची सवय लागलेल्या वनस्पती आठवड्यात खचतात. त्याऐवजी बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकणाऱ्या जाती निवडल्या : मागे वॅलिस्नेरियाची २० रोपं आणि तरंगता सेराटोफायलम. हायड्रिलाही या कामाला चालतो, पण तो टाकी व्यापून टाकतो. मधल्या भागात हायग्रोफिला पॉलिस्पर्माच्या १५ काड्या, पुढे क्रिप्टोकोरिन वेंडटीची ८ रोपं, लाकडावर अनुबियास ३. जावा फर्न आणि मॉस गरम पाण्यात रखडतात, म्हणून वगळले.

वॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम तलावातूनही आणता येतात. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत ते भरपूर असतात. पण थेट टाकीत टाकू नयेत. आधी ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड घालून एक दिवस बुडवावेत, नंतर धुऊन दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावेत आणि रोज पाहावेत. चतुराच्या अळ्या त्या मुदतीत दिसू लागतात. ही अळी गुप्पीएवढा मासा सहज खाते.

तळ, दगड, लाकूड

कंपनीची तयार माती घेतली असती तर ९ लिटरच्या तीनहून जास्त पिशव्या लागल्या असत्या. त्याऐवजी नर्सरीतली लाल माती घेतली, शेणखत न मिसळलेली. ७ लिटर लागतात, चाळून आणि धुऊन घट होते म्हणून १२ लिटर घ्यावी. मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून चाळून ती टबात रात्रभर भिजवली, तरंगणारा कचरा आणि वरचं पाणी फेकलं, मग ताडपत्रीवर पातळ पसरून कडक वाळवली. असं चार वेळा. प्रत्येक फेरीत सेंद्रिय भाग कुजून कमी होतो आणि पुढे टाकीत सुटणारा अमोनिया घटतो. थंड हवेच्या ठिकाणी याला महिना लागतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात एक थर एका दिवसात वाळतो आणि आठ दिवसांत काम संपतं. उन्हाळ्याचा टाकीला एवढा तरी फायदा करून घ्यावा.

वाळू कन्हान किंवा वैनगंगेची चांगली, तिच्यात गारगोटीचा भाग मोठा असतो. आसपासच्या नाल्याची वाळू घेण्याआधी एक चमचा वाळूवर फरशी धुण्याचं ॲसिड थेंबभर टाकावं, हातमोजे घालून आणि उघड्यावर. फेस आला तर त्यात चुना आहे. १ ते ३ मिलिमीटरचा दाणा ठेवावा. त्याहून बारीक वाळू घट्ट बसते, मोठी असली तर माती फटींतून वर येते. एकूण ३० किलो लागली.

दगड गावातलाच काळा बेसाल्ट. त्यात पांढऱ्या गाठी असतील तर त्यांचीही ॲसिडने तपासणी करावी. काही गाठी कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या खनिजाच्या, निघतात. वणी-कोरपन्याकडचे चुनखडकाचे सुंदर, थरांचे दगड या टाकीत नकोत. लाकूड म्हणून पेरूचं पूर्ण वाळलेलं मूळ घेतलं, साल काढून तीन तास उकळलं आणि दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. कडुनिंब घेऊ नये. तलावाकाठच्या बेशरमाच्या काड्या वाकड्यातिकड्या आणि आकर्षक दिसतात, पण ती वनस्पती विषारी आहे.

जुळणी

माशांना आधी २०० लिटरच्या स्वच्छ ड्रममध्ये हलवलं, जुन्याच पाण्यात. हे पाणी एकदम बदलायचं नसतं. रोज १५ लिटर काढून तेवढं नवं मिश्रण घालत दोन आठवड्यांत टीडीएस खाली आणला. १४६० वरून २४० ला थेट टाकलेला मासा बहुधा वाचत नाही. याच ड्रममध्ये नवा स्पंज फिल्टर चालू ठेवला आणि कॅनिस्टरमधला जुना स्पंज त्याच्याभोवती बांधला, म्हणजे जिवाणूंची वस्ती नव्यात उतरते.

रिकाम्या टाकीच्या काचेवरचा क्षार व्हिनेगरचे बोळे अर्धा तास चिकटवून आणि मग ब्लेडने निघाला. टाकी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला नेली. भरलेल्या टाकीचं वजन स्टँडसह २५० किलोच्या घरात जातं, म्हणून चारही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे, पाणसळीने समतल, आणि काचेखाली १२ मिलिमीटर थर्माकोल. मागच्या आणि बाजूच्या काचांनाही बाहेरून थर्माकोल लावला.

लाल माती पूर्ण तळावर पसरत नाहीत. समोरून आणि बाजूंनी ५ सेंटिमीटरची पट्टी सोडून मधे अडीच सेंटिमीटरचा थर दिला. समोरून चिखल दिसत नाही आणि काचेजवळ प्रकाशाने शेवाळही धरत नाही. माती फवाऱ्याने ओली केली, वर ४ सेंटिमीटर वाळू, कडेच्या पट्ट्यांत पूर्ण वाळू. दगड मातीवर नाही, थेट काचेवर थर्माकोलचा तुकडा ठेवून त्यावर बसवले. मातीवर ठेवलेला दगड पुढे कलंडतो. वाळू ओली होईल इतकंच पाणी घालून लागवड केली. क्रिप्टोकोरिनची जुनी पानं अर्धी छाटली, कारण ती नाहीतरी गळतात. मग प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्यावर हळू धारेने पाणी भरलं. घाई केली तर माती वर येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रकाशासाठी दोन फुटी १० वॉटच्या तीन एलईडी बॅटन, ६५०० केल्विन. पहिला महिना रोज ६ तास, नंतर ७. काट्याचा टायमर घेऊ नये. वीज गेली की तो थांबतो, आणि महिनाभरात दिवे मध्यरात्री लागायला लागतात. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा.

फिल्टर म्हणून दोन मोठे स्पंज आणि दोन एअर पंप. एक घरच्या लाइनवर, दुसरा २ वॉटचा यूएसबी पंप पॉवर बँकेवर. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात. घट धरूनही असा पंप बारा-पंधरा तास चालतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात दोनदा अर्धं पाणी बदललं, दुसऱ्यात एकदा, पुढे दर आठवड्याला ४० लिटर : ३० आरओ, १० बोअर. अमोनिया चौथ्या दिवशी २ पीपीएमवर गेला, अठराव्या दिवशी शून्यावर आला. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर धरला. ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, पुसले की झालं, औषध नको. क्रिप्टोकोरिनची पानं विरघळली. ती उपटू नयेत, मुळातून महिनाभरात नवी पानं येतात, आणि आलीच.

खत पहिले तीन महिने लागत नाही, माती पुरवते. त्यानंतर कृषी सेवा केंद्रातलंच चालतं : पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, २० ग्रॅम आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट, म्हणजे ०:५२:३४, दोन ग्रॅम, ५०० मिलिलिटर आरओमध्ये विरघळवून आठवड्याला ५० मिलिलिटर. १५० लिटरमध्ये त्यातून साधारण ८ पीपीएम नायट्रेट, ५ पीपीएम पोटॅशियम आणि १ पीपीएमच्या आत फॉस्फेट मिळतं. लोहासाठी १२ टक्के चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहणारं) लोह साडेबारा ग्रॅम एक लिटरमध्ये, त्यातलं १० मिलिलिटर दर आठवड्याला दोन हप्त्यांत. १९:१९:१९ कधीही नाही, त्यात युरिया आणि अमोनिया असतो. पानांवर फवारायचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही नको, तांबं आणि जस्त त्यात जास्त असतं.

मासे सहा आठवड्यांनी : तीन पर्ल गुरामी आणि १२ नर गुप्पी. गुरामी पृष्ठभागावरून हवा घेऊ शकते, म्हणून खंडित विजेच्या गावात तिला पहिली पसंती. जुने चार मासे, दोन गोल्डफिश, सकर आणि एक मॉली, दुकानदाराने परत घेतले. सकर आणि गोल्डफिश नाल्यात किंवा तलावात सोडू नयेत. सकर बाहेर टिकतो, वाढतो आणि तिथल्या माशांच्या अंड्यांवर व अन्नावर डल्ला मारतो.

पुढचा मे

दुसऱ्या उन्हाळ्यात झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणली आणि १२० मिलिमीटरचे दोन संगणकी पंखे पृष्ठभागावर तिरके लावले. खोलीत ३९ अंश असताना पाणी ३० वर राहिलं. कोरड्या हवेत बाष्पीभवन इतकं काम करतं. कूलर चालू असेल आणि समोरची खिडकी बंद, तर खोलीतली आर्द्रता चढते आणि पंख्यांचा उपयोग अर्धा होतो; खिडकी वीतभर उघडी लागते. बर्फाच्या बाटल्यांची सवय लावू नये. एक लिटर बर्फ १५० लिटर पाणी जेमतेम पाऊण अंश उतरवतो आणि तासाभरात ते परत चढतं. पाणी रोज ३ लिटर उडालं, तितकं आरओ भरलं. ३१ मे रोजी टीडीएस ३१०. एकही मासा गेला नाही.

दोन गोष्टींवर अजून लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्टपासून कपाशीची फवारणी आणि डासांसाठी ग्रामपंचायतीचं फॉगिंग सुरू होतं. एअर पंप बाहेरची हवा थेट पाण्यात ढकलतो, म्हणून धूर येताच पंप बंद करून टाकीवर ओली चादर टाकावी आणि खोली मोकळी झाल्यावर अर्ध्या तासाने सुरू करावा. कॉइल आणि अगरबत्तीही त्या खोलीत नको. दुसरी गोष्ट घराखालची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी तिच्याबरोबर हलते. पहिल्या पावसाळ्यानंतर डाव्या आणि उजव्या टोकाला काचेच्या काठापासून पाण्याची पातळी मोजली तर ५ मिलिमीटरचा फरक आला. पाणी निम्मं उपसून डाव्या पायांखाली पत्र्याची पट्टी सरकवली. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीत एकदा हे माप घ्यायचं, आणि ३ मिलिमीटरच्या वर गेलं की टाकी समतल करायची.